रोटरी इंजिनाच्या घरगुती विमानाला एक्झॉस्ट करायचाय, कुणाला अनुभव आहे का? (उद्यमबाग, बेळगाव)

तिसरं_गेट

मंडळी नमस्कार. उद्यमबागेत तिसऱ्या गेटाजवळ माझं आर्गन वेल्डिंगचं काम आहे. डेअरीच्या टाक्या, हॉटेलांची किचनं, मधेच कुणाच्या बुलेटचा बेंड पाइप. आता एक वेगळंच गिऱ्हाईक आलंय. दोन सीटचं विमान स्वतःच बांधूलाल्यात. इंजिन माझदाचं १३बी रोटरी, जुन्या आरएक्स-७ मधलं, बाहेरून मागवलेलं. पुढं गिअरबॉक्स बसवून पंखा लावलाय. विमान अजून शेडमध्येच आहे, पण इंजिन बसवून, विमान खुंटाला बांधून चालवून बघतात.

एक्झॉस्ट त्यांनी आधी दुसऱ्या एका वर्कशॉपमधून करून घेतला होता. तो फुटला. फुटलेला तुकडा आत्ता माझ्या टेबलावर आहे. एस.एस. (स्टेनलेस) ३०४, १८ गेज, म्हणजे साधारण सव्वा मि.मी. जाड. फ्लँजला (पाइप इंजिनाला बोल्ट करायची जाड प्लेट) लागून, वेल्डच्या अगदी कडेनं तडा गेलाय, पाऊण गोलाई. बाहेरून वेल्ड देखणा, नाव ठेवायला जागा नाही. मी पाइप उभा चिरला तर आत सगळी काळी, खरखरीत साखर धरलेली. म्हणजे वेल्ड करताना आतून आर्गन सोडलेलाच नाही, हवा लागून धातू जळलाय. पाइपच्या दुसऱ्या टोकाला एक पट्टी आहे, ती फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनच्या मधली भिंत) फ्रेमला बोल्ट केलेली होती.

माझ्या मते वेल्डनं घात केलाय. आतून गॅस सोडून नीट केला तर टिकेल असं वाटतंय. तरी विमानाचं काम आहे म्हणून विचारूलोय. मटेरिअल कुठलं, गेज किती, आणि मफलर लावायचा की नाही?

खानापूरचा_बाब्या

रोटरी म्हणजे पहिल्या महायुद्धातलं ते इंजिन ना, सगळे सिलिंडर पंख्याबरोबर गरगर फिरतात ते? त्याला कुठला आलाय सायलेन्सर.

आरएक्स_पुणे

ते नाही हो. त्यात क्रँकशाफ्ट विमानाला पक्का आणि बाकी सगळं इंजिन फिरायचं. हे वँकेल. अंड्याच्या आकाराच्या घरात त्रिकोणी रोटर फिरतो, पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही. माझदानं १९६७ च्या कॉस्मोपासून २०१२ ला आरएक्स-८ बंद होईपर्यंत गाड्यांत घातलं. १९९१ ला ल मांची शर्यत जिंकलेली ७८७बी याच घराण्यातली, चार रोटरची. आणि आपल्याकडे वँकेल अगदीच परकं नाही. २००९ मध्ये निशांत हे मानवरहित विमान कोलारजवळ देशी बनावटीच्या ५५ एच.पी.च्या वँकेलवर उडालं होतं. त्या इंजिनात बंगळूरच्या एनएएल या विमान संशोधन संस्थेचा आणि नगरच्या व्हीआरडीई या लष्करी वाहनांच्या संस्थेचा हात होता.

@तिसरं_गेट, बुलेटचा अनुभव इथं बाजूला ठेवा. दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

पहिली, ठोके. शाफ्टच्या दर फेऱ्याला प्रत्येक रोटर एकदा धूर टाकतो. शाफ्ट ६००० वर असेल तर एका रोटरचे सेकंदाला १००, दोघांचे मिळून २००. विमानाचं नेहमीचं चार सिलिंडरचं इंजिन २७०० वर सेकंदाला ९० देतं. शिवाय पिस्टनच्या इंजिनात व्हॉल्व्ह हळूहळू उचलला जातो. १३बी मध्ये रोटरचं टोक पोर्टवरून (धूर बाहेर जायचं भोक) सरकलं की पोर्ट एकदम उघडतो. एक जण दार ढकलून आत येतो, दुसरा लाथ मारून. पाइपला दर वेळी लाथच बसते.

दुसरी, उष्णता. रोटरीची ज्वलनाची जागा लांबट आणि चपटी असते, त्यामुळे जळण शेवटपर्यंत रेंगाळतं आणि आग पोर्टपर्यंत येते. लोड असताना धुराचं तापमान ८७० ते ९८० अंश सेल्सिअस धरून चाला. गाडीत तेवढा लोड काही सेकंद असतो. विमान मात्र चढताना आणि पुढं तासन्‌तास लोडवरच चालतं.

वायूकाका_सांबरा

मी वायुसेनेत एअरफ्रेम आणि इंजिन दोन्हीवर काम केलंय, आता सांबऱ्याला घरी असतो. वर पुणेकरांनी सांगितलेलं बरोबर आहे. पण तिसऱ्या गेटवाल्या भावा, तुझं निदान मला पटलं नाही.

आतून साखर धरली हे वाईटच. त्यानं तडा लवकर आला. पण तू स्वतःच लिहिलंयस की दुसरं टोक फायरवॉलला बोल्ट केलं होतं. मूळ तिथं आहे. इंजिन रबराच्या माउंटवर बसतं. चालू करताना, बंद करताना ते हलतं, वळवळतं. फायरवॉल हलत नाही. पाइपचं एक टोक हलणाऱ्याला आणि दुसरं न हलणाऱ्याला बांधलं तर मधली सगळी ओढाताण कुठं जाईल? जिथं पाइप सगळ्यात कडक आहे तिथं, म्हणजे फ्लँजच्या कडेला. आर्गन सोडला असता तरी फुटला असता. फक्त जरा उशिरा, आणि कदाचित जमिनीवर नाही.

नियम एकच. एक्झॉस्टचा सगळा भार इंजिनानं घ्यायचा. पट्टी लावायचीच तर इंजिनाच्या किंवा गिअरबॉक्सच्या बोल्टवरून आणायची. विमानाच्या अंगाला काही जोडायचंच असेल तर मधे बॉल जॉइंट, म्हणजे थोडा वळू शकणारा गोल सांधा हवा, आणि त्याच्या बोल्टखाली स्प्रिंग. स्प्रिंग पूर्ण दाबून टाकायची नाही, नाहीतर ती लावून न लावल्यासारखीच.

कागवाडची_मेकॅनिकल

काकांच्या म्हणण्याला आकडे जोडते.

३०४ तापल्यावर किती वाढतं बघा. ६०० मि.मी. लांबीचा पाइप, तापमानात ८५० अंशांची वाढ. या तापमानाला प्रसरणाचा गुणांक साधारण १९ × १०⁻⁶ धरला तर लांबी नऊ-दहा मि.मी. वाढते. इंजिन पाण्यानं थंड होतं, ते नव्वद-शंभर अंशांवरच राहतं, त्यामुळे ते पाइपबरोबर वाढत नाही. दोन्ही टोकं आवळली तर हे नऊ-दहा मि.मी. जाणार कुठं?

आणि त्याच वेळी धातू मऊ झालेला असतो. ८७० अंशांच्या आसपास ३०४ ची ताकद खोलीच्या तापमानाच्या जवळजवळ पाचव्या हिश्श्यावर येते. बाकावर पाइप ठोकून 'मजबूत आहे' म्हणण्यात अर्थ नाही. तुम्ही ठोकता तो पाइप आणि उडताना असतो तो पाइप, दोन वेगळ्या वस्तू आहेत.

मटेरिअलबद्दल. ३०४ वर काम निघतं, पण ते काठावर आहे. ३२१ मध्ये टायटॅनियम असतं. ४२५ ते ८६० अंशांच्या पट्ट्यात ३०४ मधला कार्बन क्रोमियमला धरून कणांच्या सीमेवर जमतो आणि वेल्डशेजारचा भाग ठिसूळ, गंजाऊ होतो. ३२१ मध्ये कार्बनला टायटॅनियम धरतं, म्हणून विमानाच्या एक्झॉस्टला ते पूर्वापार वापरतात. इन्कोनेल ६२५ हा निकेलचा मिश्रधातू सगळ्यात चांगला, पण किंमत ऐकून गिऱ्हाईक पळेल. ३१६ नुसतं महाग आहे एवढ्यावरून ते इथं जास्त चांगलं ठरत नाही. त्यातलं मॉलिब्डेनम खाऱ्या पाण्याशी झुंजायला असतं, आगीशी नाही.

हुक्केरीकर

आमच्या साखर कारखान्यात ज्यूस हीटरला आणि इव्हॅपोरेटरला ३०४ च्या नळ्या असतात. ४५ मि.मी. बाहेरचा व्यास, १८ गेज. दुरुस्तीत चिक्कार उरतात. पाहिजे तर विचारून बघतो. गाळप संपलं की मेंटेनन्सला हात मोकळा असतो.

आरएक्स_पुणे

४५ बाहेरून म्हणजे आतून साडेबेचाळीस. १३बी ला ते आवळ होईल. आम्ही ४८ ते ५१ मि.मी. वापरतो. रोटरीला मागचा दाब सोसत नाही. जुन्या १३बी मध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट थोडा वेळ एकत्र उघडे असतात. दाब वाढला की जळका धूर उलटा आत शिरतो.

तिसरं_गेट

५१ तर माझ्या रॅकवरच आहे की. डेअरीची दोन इंची नळी, ५०.८ बाहेरून, १.६ जाड. बेंडपण डेअरीचेच मिळतात, आतून आरशासारखे गुळगुळीत. ३०४ आणि ३१६एल दोन्ही. ३१६ घालणार होतो, बरं झालं ताई बोलल्या. ३२१ ची नळी मुंबईहून मागवावी लागेल, तयार बेंड मिळणं अवघड दिसतंय.

वायूकाका_सांबरा

मग असं कर. पोर्टपासून दोन पाइप एकत्र मिळेपर्यंतचा भाग ३२१ चा, १.६ चाच. सगळ्यात तापतो तो तेवढाच. सरळ तुकडे कोनात कापून जोड देऊन बेंड केलास तरी चालेल, जोड जास्त पण मटेरिअल बरोबर. पुढचा पाइप ३०४ चा ठेव. वजन वाचवायला १८ गेज वापरायचा मोह गिऱ्हाईकाला होणार, विमानवाल्यांना प्रत्येक किलोची आग असते. ऐकू नकोस. वजन वाचवायचं तर लांबी कमी कर.

खानापूरचा_बाब्या

हत्तरगीच्या सेझमध्ये एअरबसचे पार्ट होतात म्हणे. तिथं कुणाला सांगून इन्कोनेलचा एखादा तुकडा काढता नाही येणार?

वायूकाका_सांबरा

नाही. सर्टिफिकेटशिवायचा तुकडा विमानात लावायचा नाही. कुठल्या लॉटचा, कुठल्या ग्रेडचा ते कागदावर नसेल तर तो इन्कोनेल आहे हे तुला कोण सांगणार, बाब्या?

निपाणीकर_७१

पण मुळात हे कायदेशीर आहे का? घरी विमान बांधायला परवानगी कोण देतं?

व्यवस्थापक

थोडक्यात: परवानगी डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याची. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत घराच्या गच्चीवर विमान बांधलं, २०१६ च्या मेक इन इंडिया सप्ताहात लोकांनी ते पाहिलं, नोंदणी आणि उड्डाणाची परवानगी मिळायला त्यानंतर वर्षं गेली. यावर वेगळा धागा काढा. इथं एक्झॉस्टवरच बोलू या.

तिसरं_गेट

बरं, आता मफलर. गिऱ्हाईक म्हणतंय लावायचाच. खानापूर रोडला शेतातली शेड आहे त्यांची. उघड्या पाइपावर चालवलं तर शेजारचे काठ्या घेऊन आले. एकाची म्हैस दूध देईना म्हणून भांडण. मी स्वतः जाऊन ऐकलंय. कानात बोळे घालून पण छातीत बसतो आवाज.

आरएक्स_पुणे

सरळ आरपार मफलर. मधे भोकाची नळी, भोवती काचलोकर, बाहेर कवच. माझ्या गाडीला तोच आहे. दाब वाढत नाही.

कागवाडची_मेकॅनिकल

गाडीत ठीक. विमानात काचलोकर काही तासांत भोकांतून उडून जाईल. ९०० अंश आणि वर ते ठोके. मग उरते नुसती पोकळ डबी, आणि आवाज होता तिथंच.

आरएक्स_पुणे

सिरॅमिक लोकर भरा मग. १२०० अंश सोसते.

कागवाडची_मेकॅनिकल

तापमान सोसेल, ठोके नाही सोसणार. तंतू तुटून भुगा होतो आणि तो भुगा त्याच भोकांतून बाहेर. ती भुकटी श्वासात गेलेली पण चांगली नाही.

आरएक्स_पुणे

मला नाही पटत. जाळी आणि स्टील वुलचा थर मधे दिला तर गाडीत दोन हंगाम टिकलंय माझं.

वायूकाका_सांबरा

दोघेही लोकरीवरच अडकलात. माझी भीती वेगळी आहे. मफलरच्या आतला पडदा किंवा नळी तुटते, तुकडा पुढं सरकतो आणि बाहेर जायच्या तोंडावर आडवा बसतो. धूर कोंडला की इंजिन गुदमरतं. पिस्टनच्या विमानांतही हे झालेलं आहे, पॉवर अर्धी झालेली आहे, इंजिन बंद पडलेलं आहे. बाहेरून काही कळत नाही, डबी तशीच दिसते. म्हणून मला मफलर दाखवलास तर मी पहिला प्रश्न विचारेन की आतलं सगळं तुटलं तर ते जाईल कुठं? बाहेर पडेल की तोंड बंद करेल?

कागवाडची_मेकॅनिकल

बरोबर. मग लोकर नकोच. आतली भोकाची नळी ३२१ ची, सलग, आत आलेल्या पाइपाच्या व्यासाचीच. भोवती मोठं कवच आणि मधे दोन चकत्या, म्हणजे तीन खण. खणांच्या लांब्या सारख्या ठेवू नका, नाहीतर एकच स्वर दबतो आणि बाकीचे तसेच जातात. बाहेरचं तोंड आतल्या नळीएवढंच किंवा जरा मोठं, म्हणजे चकतीचा तुकडा सुटला तरी तो खणातच पडून राहील, तोंडापर्यंत येणार नाही.

आणि हे मात्र नक्की करा: आतली नळी एकाच टोकाला वेल्ड करायची. दुसऱ्या टोकाला आणि चकत्यांत ती सरकती ठेवायची. नळी लालभडक असते, कवचाला वारा लागतो म्हणून ते बरंच थंड. नळी जास्त वाढते. दोन्ही टोकं वेल्ड केली तर ती वाकते किंवा टोकाची प्लेट फाडते. मफलर बहुतेक तिथंच फुटतात.

आवाज लोकरीच्या मफलरएवढा कमी होणार नाही, हे गिऱ्हाईकाला आधीच सांगून ठेवा. म्हशीचं मी काही सांगू शकत नाही.

हुक्केरीकर

टर्बो लावला तर आवाज आपोआप दबतो म्हणतात.

आरएक्स_पुणे

दबतो, टर्बाइन ठोक्यांची ताकद खाऊन टाकतं. पण मग सगळं वजन त्या तापलेल्या मॅनिफोल्डवर (पोर्टपासून पाइप एकत्र मिळेपर्यंतचा भाग) लटकतं आणि पाइपातून सुटलेला एखादा कण थेट टर्बाइनच्या पात्यांवर. पहिल्याच विमानाला नको.

तिसरं_गेट

मॅनिफोल्डला पट्टी गुंडाळायची का? बुलेटवाले गुंडाळतात ती. गिऱ्हाईकानं ऑनलाइन मागवून पण ठेवलीय. काउलिंगच्या (इंजिनावरचं झाकण) आत पेट्रोलची नळी जवळून जाते, म्हणून.

कागवाडची_मेकॅनिकल

नको. पट्टीनं उष्णता धातूतच कोंडते. जो पाइप आधीच काठावर आहे तो आणखी तापतो, आणि तडा गेला तर पट्टीखाली दिसतही नाही. त्यापेक्षा पातळ एस.एस. पत्र्याची ढाल करा, पाइपापासून बोटभर अंतर ठेवून, मधून हवा खेळती. तापलेला धातू किती उष्णता फेकतो ते तापमानाच्या चौथ्या घातावर जातं. ७०० वरून ९०० अंशांवर गेलात तर फेकलेली उष्णता दुपटीहून जास्त. साध्या इंजिनावर चालून गेलेली अंतरं रोटरीवर चालत नाहीत. पेट्रोलची नळी मात्र ढालीच्या भरवशावर ठेवू नका, तिची वाटच बदला.

वायूकाका_सांबरा

पट्टीला माझाही विरोध. आता एक मला विचार भावा, तू पाइपावर कापायची खूण कशानं करतोस?

तिसरं_गेट

पेन्सिलनं. का हो काका?

वायूकाका_सांबरा

वाटलंच. एक्झॉस्टवर पेन्सिल लावायची नाही. तापला की त्या रेघेतला कार्बन धातूत शिरतो, तिथं तो ठिसूळ होतो, आणि तडा बरोबर त्याच रेघेवरून जातो. विमानाच्या दुरुस्तीत हा जुना नियम आहे. जस्ताचंही तेच. जी.आय. तारेनं पाइप तात्पुरता बांधायचा नाही, गॅल्वनाइज्ड क्लॅम्प लावायचा नाही, जस्ताचा मुलामा दिलेलं हत्यारसुद्धा लावायचं नाही. खडूनं किंवा मार्करनं खूण कर, आणि वेल्डच्या आधी अॅसिटोननं पुसून घे. ब्रेक क्लीनरनं पुसू नकोस. त्यात क्लोरीन असलं तर आर्कखाली विषारी वायू होतो, त्यात माणूस जातो.

नट नायलॉनचे नकोत, वितळतील. सगळे धातूचे लॉकनट.

तिसरं_गेट

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. रॅकला जी.आय. तारेची गुंडाळी लटकूनच असते.

फुटलेल्या तुकड्यावर आत्ता बॅटरी मारून बघितलं. तडा वेल्डच्या कडेनं गेलाय तो गेलाय, पण एका जागी वेल्ड सोडून बाजूला वळलाय, आणि जिथं वळलाय तिथं फूटपट्टीनं मारल्यासारखी सरळ रेघ अंधुक दिसते. पेन्सिलचीच असावी, नक्की सांगता येत नाही.

खानापूरचा_बाब्या

थंडीत वर उडताना मफलरवरून गरम हवा आत घ्यायची सोय करता येईल ना? छोट्या विमानांत असते म्हणे.

वायूकाका_सांबरा

असते, आणि मफलरला तडा गेला की त्याच वाटेनं कार्बन मोनॉक्साइड आत येतो. वास नाही, रंग नाही, वैमानिकाला नुसती झोप आल्यासारखी वाटते. इथं तर इंजिन पाण्यावर थंड होतंय. गाडीसारखा पाण्याचा हीटर लावा, एक्झॉस्टला हात लावू नका. तरीही सीओ डिटेक्टर हवाच, काउलिंगमधून आत यायला भोकं असतातच.

तिसरं_गेट

बरं, आतापर्यंत ठरलं ते असं. फ्लँज १० मि.मी. जाड, जाड प्लेटीला बोल्टनं आवळूनच वेल्ड करायची म्हणजे वाकणार नाही. पोर्टपासून मिळणीपर्यंत ३२१. आतून आर्गन, दोन्ही टोकं फॉइलनं बंद, एक बारीक भोक हवा जायला. फायरवॉलची पट्टी काढून टाकली, त्याऐवजी गिअरबॉक्सच्या बोल्टवरून आधार. मधे बॉल जॉइंट. मफलर ताईंनी सांगितल्याप्रमाणे.

गिऱ्हाईक पट्टी काढायला आधी तयार नव्हतं, म्हणे पाइप लटकल्यासारखा दिसतो. मग हा धागा उघडून दाखवला.

राहिला प्रश्न फिलरचा, म्हणजे वेल्डमध्ये वितळवायच्या कांडीचा. ३२१ ला ३२१ चीच कांडी लागते का? दुकानात ३०८एल आहे, ती चालेल का?

कागवाडची_मेकॅनिकल

३०८एल ३०४ ला. ३२१ ला ३४७ ची कांडी घ्या. आर्कमधून जाताना टायटॅनियम जळून जातं, म्हणून कांडीत त्याच्या जागी नायोबियम असतं. ३२१ आणि ३०४ चा जोड असेल तिथंही ३४७ चालेल.

वायूकाका_सांबरा

आणि बसवायच्या आधी गळती बघ. व्हॅक्यूम क्लीनरची उलटी हवा टेलपाइपमधून सोड, जोडांवर साबणाचं पाणी मार. बॉल जॉइंटला इंजिन थंड असताना थोडे बुडबुडे येतील, ते चालतात. वेल्डला एकही आलेला चालत नाही. पहिल्या रनिंगनंतर परत बघ, गळतीच्या जागी राखाडी पिसासारखा डाग पडतो.

तिसरं_गेट

३४७ इथं मिळाली नाही, कोल्हापूरजवळ शिरोलीला विचारलंय. उद्या पाठवतो म्हणालेत. पाइप धरायचा जिग बांधून ठेवलाय.

हुक्केरीकर

मग नळ्या नकोत ना आमच्या?

तिसरं_गेट

पाहिजेत की अण्णा, मफलरच्या खणांना नाही, पण आर्गन सोडायची डमी करायला दोन तुकडे द्या. पोरांना त्यावर हात बसवायचाय.